प्रोफेसरांचं पहिलं घड्याळ

घड्याळ न वापरणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण स्वतःच घड्याळ असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा घरमालक होता. खटकचिंचोळीच्या शाळेत विज्ञान शिकवायला आलो तेव्हा त्यांच्या घरातल्या पुढच्या दोन खोल्या मी भाड्याने घेतल्या. गाव त्यांना अप्पा म्हणायचं, मीही म्हणू लागलो. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या मनगटाकडे, दारात आलेल्या फेरीवाल्याच्या मालाकडे पाहावं तसं पाहिलं आणि विचारलं, "सर, हे किती मागं पडतंय?" मी म्हटलं, पडत नाही. "समदेच पडत्यात," अप्पा म्हणाले, "कुणाच्या ध्यानात येत न्हाई, येवढंच." तेव्हा मी हसलो होतो. आता ते वाक्य आठवलं की हसू येत नाही.

हे घड्याळ शोधून काढलं आमच्या गावच्या प्रोफेसरांनी. हे प्रोफेसर म्हणजे मोठे भौतिकशास्त्रज्ञ. मोठे म्हणजे परदेशातल्या पुस्तकांत ज्यांचं नाव छापून येतं इतके मोठे. त्यांचे वडील आळंदच्या बाजारात तुरीची मापं घालायचे, आणि वजनकाट्यावर विश्वास कसा ठेवू नये हे पोरगा त्यांच्याकडूनच शिकला असं अप्पा सांगत. गावातून हैदराबाद, हैदराबादहून परदेश, असा तो पुढे गेला. जगाच्या लेखी ते प्रोफेसर. अप्पांच्या लेखी शेवटपर्यंत गुंडू. त्यांच्या संशोधनाबद्दल मी शाळेत चाळीस मिनिटांचा तास घेई आणि मुलं जांभया देत. अप्पा तेच दोन वाक्यांत सांगत. "येक बारीक कण असतंय. ते जन्मल्यावर किती जगतंय ते गुंडूनं मोजलं." मी मुद्दाम विचारी, "त्याने काय होतं, अप्पा?" "कळतंय." "काय कळतं?" "किती जगलं ते," असं म्हणून ते माझ्याकडे असं बघत की या माणसाला विज्ञानाचा मास्तर कुणी केला असा प्रश्न मलाही पडे.

तर घड्याळाची गोष्ट. गावाबाहेर महादेवाच्या देवळामागे तांबड्या दगडातून एक झरा येतो आणि दगडी गोमुखातून खाली पडतो. गुंडू आणि अप्पा दहा-बारा वर्षांचे असताना घरचं पाणी तिथूनच भरायचे. एका उन्हाळ्यात गुंडूला वाटलं की घागर भरायला आता जास्त वेळ लागतो. अप्पा म्हणाले, लागत नाही. वाद मिटवायला दोघांच्याही घरी घड्याळ नव्हतं. मग गुंडूने नाडी मोजायची टूम काढली. आधी स्वतःची धरून पाहिली, पण काही सुचलं की ती धावत सुटायची, आणि त्याला सतत काहीतरी सुचत असायचं. मग त्याने अप्पांचं मनगट धरलं. ती नाडी उन्हात, सावलीत, मार खाल्ल्यावरही तशीच. "तुझ्या डोक्यात काय न्हाई, मनून तू चांगला हाईस," असं गुंडू म्हणाल्याचं अप्पा मोठ्या अभिमानाने सांगत. त्या दिवशी घागर चाळीस ठोक्यांत भरली, आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या घड्याळावर गुंडूने त्या नाडीचे मिनिटाला बहात्तर ठोके मोजून घेतले. तेव्हापासून दर अमावस्येला सकाळी तीच तांब्याची घागर, तेच गोमुख आणि तीच नाडी. गुंडू गाव सोडून गेला, जगाला माहीत झाला, तिकडेच लग्न करून राहिला. अप्पांची अमावस्या चुकली नाही. ते मोजत उर्दूत, कारण दोघांनी ज्या मास्तरांपुढे बसून आकडे गिरवले ते निजामाच्या काळात शिकलेले होते.

स्वतःच घड्याळ असलं की ते सांभाळावं लागतं. अमावस्येच्या आदल्या दिवसापासून अप्पा चहा घेत नसत, जिना चढत नसत, कुणाचं वाईट ऐकत नसत. देवळाच्या पायरीवर ते आधी चांगली घटकाभर बसून राहत आणि मग उठत. एकदा शेजाऱ्याने त्यांचा बांध कोरला. लोक धावत सांगायला आले तर हे म्हणाले, "आज न्हाई, उद्या भांडू." आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच न्याहारी करून, धोतर बदलून भांडायला गेले. तोवर शेजाऱ्याचा राग ओसरला होता, त्यामुळे त्यालाही नव्याने सुरुवात करावी लागली. त्यांच्या बायकोला मी अक्का म्हणत असे. अक्का म्हणायच्या, "ह्यायला राग बी तिथी बघून येतंय. माझ्यावर मातर कोन्चीबी तिथी चालतीय." थोरल्या मुलीची पाठवणी नेमकी अमावस्येच्या आदल्या संध्याकाळी निघाली, तेव्हा सारा मांडव रडत होता आणि अप्पा भिंतीकडे तोंड करून पाढे म्हणत होते. दुसऱ्या दिवशी आकडा वहीत लिहिला आणि मग गोठ्यात जाऊन एकटेच रडले. अक्कांनी ते पाहिलं होतं, पण त्यांना तसं कधी कळू दिलं नाही.

प्रोफेसर पुष्कळ वर्षांनी एकदा गावात आले होते. मी तेव्हा इथे नव्हतो, पण ती हकीकत मी इतक्या जणांकडून ऐकली की आपण हजर होतो असं मला वाटतं. शाळेच्या मैदानात मांडव, कन्नड, मराठी आणि उर्दू अशा तिन्ही भाषांत लिहिलेला फलक, आमदारांच्या हातात हार. प्रोफेसरांनी व्यासपीठावरून खाली पाहिलं, अप्पांना वर बोलावलं आणि सगळ्यांसमोर त्यांचं मनगट धरलं. दुसऱ्या हातातल्या परदेशी घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट उभे राहिले. आमदार हार धरून ताटकळले. मग प्रोफेसर माईकवर म्हणाले, "बहात्तर. अजून तेवढेच." कुणाला काही समजलं नाही, तरी टाळ्या पडल्या. जाताना ते अप्पांना म्हणाले, आकडे पाठवत जा. तेव्हापासून दर दिवाळीला वर्षभराचे आकडे पत्राने जात आणि महिन्याभराने उत्तर येई. उत्तर म्हणजे दोन शब्द मिळाल्याचे आणि दोन शब्द चालू ठेवण्याचे. अप्पा ते देवघरात ठेवत.

एका वर्षीचं उत्तर तेवढं वेगळं होतं. त्यात लिहिलं होतं, 'श्रावणात ताप होता काय? अंगावर काढत जाऊ नकोस.' अप्पा ते पत्र आल्यागेल्याला दाखवायचे. कारण त्या श्रावणात त्यांना खरोखरच ताप होता, आणि पत्रात त्यांनी त्याचा एका अक्षरानेही उल्लेख केलेला नव्हता. "सात समुद्रापलीकडं बसून कळलं बगा त्याला," ते म्हणायचे. मी विज्ञानाचा मास्तर असूनही ते पत्र वाचून मान डोलावली आणि जिवाभावाच्या मैत्रीत असं होत असेल असं काहीतरी बोललो. पावसाळ्यात झऱ्याला पाणी वाढतं, घागर लवकर भरते, आकडा उतरायला हवा. तो चढला, म्हणजे बिघाड पाण्यात नसून नाडीत आहे, इतकी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही.

मग प्रोफेसर तिकडेच वारले. शाळेत एका वर्गात त्यांचं स्मारक-दालन झालं आणि त्याची किल्ली माझ्याकडे आली. चष्मा, कोट, एक खुर्ची, पदकाची प्रतिकृती, आणि फळ्याएवढा फोटो. अप्पा उद्घाटनाला आले, सगळं फिरून पाहिलं आणि म्हणाले, "गुंडू हितं न्हाई." त्या दिवाळीला त्यांनी पत्र लिहायला घेतलं, पत्ता घातला आणि तसंच ठेवून दिलं. मोजणं मात्र थांबवलं नाही, कारण 'चालू ठेव' हे मागे घेणारं पत्र काही आलेलं नव्हतं.

तोपर्यंत झऱ्याचं वाईट झालं होतं. गावाभोवती बोअर पडले आणि वहीतला आकडा चाळीसवरून साठ, साठवरून नव्वद झाला. आणि मग, प्रोफेसर गेल्याच्या दुसऱ्या वर्षी, तो उतरू लागला. पंच्याऐंशी, पंच्याहत्तर, साठ. अप्पा सकाळी माझ्या खोलीशी येऊन उभे राहत. त्यांना दम लागलेला असे, पण चेहरा उजळलेला असे. "सर, पाणी परत यायलंय बगा." अक्का म्हणायच्या, "पाणी यायलंय, आन् तुमी तीनदा बसून घरला यायलाव." ते म्हणत, वय झालं. मीही म्हणे, वय झालं. एके दिवशी तर मी शाळेच्या प्रार्थनेत सांगितलं की आपला झरा पुन्हा जिवंत होतो आहे आणि हे आपल्याला प्रोफेसरांच्या पद्धतीमुळे कळलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आज त्या टाळ्यांची लाज वाटते.

दालनात लावायला त्या आकड्यांचा तक्ता करावा असं मी ठरवलं. मुलांना समजावं म्हणून ठोक्यांशेजारी सेकंद लिहायचे होते, म्हणून त्या अमावस्येला घड्याळ घेऊन अप्पांबरोबर गेलो. घागर भरली. "अडतालीस," अप्पा हळूच म्हणाले आणि हसले. माझ्या घड्याळात शहात्तर सेकंद झाले होते. अठ्ठेचाळीस ठोक्यांना चाळीस सेकंद पुरायला हवे होते. त्यांच्याबरोबर राहून मी इतका बिघडलो होतो की माझा पहिला संशय घड्याळावर गेला. भालकीला जाऊन नवा सेल टाकून आणला. मग संध्याकाळी, गप्पा मारता मारता, त्यांचं मनगट हातात घेतलं. मिनिटाला अडतीस ठोके. झरा होता तिथेच होता. मंदावली होती ती अप्पांची नाडी.

कलबुर्गीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की छातीत यंत्र बसवावं लागेल, नाहीतर हे हृदय एक दिवस चालता चालता थांबेल. अप्पांनी त्यांना कन्नडमध्ये एकच विचारलं, यंत्र मिनिटाला किती ठोके देतं. डॉक्टर म्हणाले, सत्तर ठेवू. "बहात्तर व्हत न्हाई?" त्यांनी मला मराठीत विचारलं, जणू भाव मी करायचा होता. परतीच्या बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "न्हाई बसवायचं. येवढी वर्सं येका नाडीवर मोजलंय. आता पाणी वर यायलंय, आन् आताच घड्याळ बदलायचं? गुंडूला काय सांगू?" पुढचे पंधरा दिवस अक्का रडल्या, मुली येऊन बोलून गेल्या, मी पाया पडलो. ते ऐकून घेत आणि नाडी बिघडेल म्हणून कुणावर चिडत नसत.

त्यांना खरं सांगितल्याशिवाय ते ऐकणार नव्हते, आणि खरं सांगायचं म्हणजे त्यांच्याजवळचा एकमेव आनंद काढून घ्यायचा. मी त्यांना झऱ्यावर घेऊन गेलो, गोमुखाखाली घागर ठेवली आणि घड्याळ त्यांच्या हातात दिलं. म्हटलं, आज नाडी नको, काटा बघा. त्यांनी काटा बघितला. मग मी सगळं सांगितलं: पाणी आलेलं नाही, नाडी मंदावली आहे, आकडा म्हणून उतरला. घागर भरून वाहू लागली तरी त्यांनी ती काढली नाही. मग म्हणाले, "मंजी श्रावणातल्या तापाचं गुंडूला असंच कळलं व्हतं."

"हो."

"त्यो झरा बगतच नव्हता. मला बगायला व्हता."

मी मान हलवली.

"मंग तुमाला कामून कळलं न्हाई, सर?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. खरोखरच कळून घ्यायला विचारलं होतं त्यांनी. दोन वर्षं ते दर महिन्याला माझ्या दाराशी येऊन आपली तब्येत मला आकड्यात सांगत होते आणि मी पाण्याचं अभिनंदन करत होतो.

यंत्र बसलं. त्यानंतर अमावस्येला झऱ्यावर गेलं की अप्पा मनगट माझ्यापुढे करून दुसरीकडे बघत. "घ्या, सरकारी घड्याळ. आता कुणीबी मोजावं." आकडा आला त्र्याण्णव, मग शंभर, मग शंभराच्याही वर. यंत्र खोटं बोलत नव्हतं, म्हणून झरा आटतो आहे हे लपून राहिलं नाही. ते आता चहा केव्हाही पीत, जिना चढत, शेजाऱ्याशी वाटेल त्या तिथीला भांडत. अक्कांना वाटलं माणूस मोकळा झाला. मला ते मोकळेपण पाहवत नसे. वही त्यांनी दालनासाठी माझ्याकडे दिली, तीही यंत्र बसण्याआधीच्या दोन वर्षांच्या आकड्यांवर स्वतःच्या हाताने काट मारून. पुढच्या उन्हाळ्यात दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, यंत्र चांगलं होतं.

दालनात प्रोफेसरांच्या चष्म्याशेजारी मी ती वही आणि ती घागर ठेवली आहे. येणारे लोक पदकापाशी थांबतात आणि घागरीवरून पुढे जातात. अमावस्येला मात्र घागर बाहेर काढून मी झऱ्यावर जातो. घड्याळ खिशात असतं, पण अप्पा बसायचे त्या पायरीवर घटकाभर बसतो आणि स्वतःचीच नाडी धरतो. झरा आता करंगळीएवढा उरला आहे. गेल्या अमावस्येला माझा आकडा एकदम विसाने वाढला. पाणी कमी झालं असेल, किंवा माझंच काही बिघडलं असेल. आकडा मी वहीत लिहिला. ताप होता काय, असं विचारणारं पत्र काही आता येणार नाही.