कोर्टापुढचं अर्धं वाक्य

हवा आत जायची, क्षणभर थांबायची, बाहेर पडायची. आजही कोलंबसशेजारच्या डब्लिन गावातल्या या घरात हीटिंग सुरू होऊन जमिनीतल्या जाळीतून ऊब वर येऊ लागली, की मला तोच आवाज ऐकू येतो. कोलंबसच्या हॉस्पिटलात माझ्या नवऱ्याचा श्वास एक यंत्र घेत असे. मेंदूतल्या रक्तस्रावानंतर तो शुद्धीवर आला नव्हता. येणारही नाही, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर सबंध उन्हाळा माझ्या अंगावरून गेला. त्याचं ऊन मला आठवत नाही.

ऐंशीच्या दशकाचा तो मध्य. असं यंत्र बंद करण्याचा कायदा आमच्या राज्यात अजून झाला नव्हता. डॉक्टर कोर्टाकडे बोट दाखवत. कुठे कुठे न्यायाधीशांनी तशी परवानगी दिली होती, त्या निकालांच्या आधाराने मीही अर्ज केला.

"कोर्ट तुमची इच्छा विचारणार नाही," माझ्या वकीलबाई म्हणाल्या. "त्यांची विचारेल. शुद्धीत असताना ते याबद्दल काय बोलले होते, तेवढं सांगा. काहीच नसेल, तर यंत्र चालूच राहील."

तो बोलला होता. एकदाच, जेवताना. टीव्हीवर अशाच एका खटल्याची बातमी लागली होती. नागपूरहून आमच्याकडे राहायला आलेल्या सासूबाई त्याच्या शेजारी बसल्या होत्या. भात कालवता कालवता तो मला म्हणाला, "माझं असं काही झालं ना, तर तू मला सरळ—"

"तोंड आवर आधी!" सासूबाई कडाडल्या. "भरल्या ताटावर असलं अभद्र?"

"बरं आई, नाही मरत. ताक तरी वाढशील?"

ताकाला आल्याचा वास होता. आम्ही तिघंही हसलो, आणि ते वाक्य तिथेच राहिलं.

कोर्टात मेणाच्या पॉलिशचा आणि ओल्या लोकरी कोटांचा वास भरला होता. साक्षीदाराच्या कठड्यावर माझे हात होते, पण लाकूड लागत नव्हतं. मी ते अर्धं वाक्य सांगितलं. वृद्ध न्यायाधीशांनी हळू आवाजात विचारलं, "आणि पुढे?"

"पुढे त्याच्या आईने त्याला थांबवलं."

त्यांनी मान हलवली. एवढ्यावर निकाल देता येणार नाही, असं म्हणून त्यांनी सासूबाईंना बोलावलं.

या विषयावर त्या तोवर माझ्याशी एक अक्षरही बोलल्या नव्हत्या. रोज हॉस्पिटलात त्याच्या तळपायांना खोबरेल चोळत, बस. त्या माझ्याजवळून पुढे गेल्या, तेव्हा कोर्टातही तो वास आला. दुभाषी म्हणून युनिव्हर्सिटीतली एक मराठी विद्यार्थिनी होती. ती खाली वाकून म्हणाली, "आजी, ते विचारतायत, तुमचा मुलगा पुढे काय म्हणणार होता, असं तुम्हाला वाटलं?"

सासूबाईंनी पदर सारखा केला. न्यायाधीशांकडे त्यांनी पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं, आणि मलाच म्हणाल्या,

"सोड."