लॅपटॉपची पूजा

दसऱ्याला हसनाबादला घरी गेलो. दुसऱ्या दिवशी ऑफिसचं काम करायला बसलो, तर लॅपटॉपची निम्मी बटणं दबेनात. फुंकलं, झटकलं, बंद करून चालू केलं, लॅपटॉप विकणाऱ्याला मनसोक्त शिव्या घातल्या. शेवटी चाकूच्या टोकानं एक बटण उचकटलं. खाली ओल्या कुंकवात अक्षता चिकटून बसल्या होत्या. माझं डोकंच फिरलं.

“बाबा, याच्यावर पाणी कशाला शिंपडलं?” मी ओरडलो.

“औजारं पुजायचा दिवस व्हता. तुझं औजार तेच ना?”

“अहो, पार वाटोळं झालं त्याचं!”

आता वडीलही तापले. “वरडतो कामून? तेच पाणी वखरावर बी शिंपडलं. त्यानं न्हाई असली नाटकं केली!”