आपाचा कोट

लोक माणसाचं तोंड बघतात, आम्ही शिवणाऱ्या बायका खांदे बघतो. रस्त्यानं चाललेल्या बाईचा डावा खांदा उतरता आहे, गळा मागं ओढला जातोय, बाही दंडात तंग झालीय, हे मला तिच्या नाकाडोळ्यांआधी दिसतं. खोडच आहे ती. एका लग्नात नवरीला आशीर्वाद द्यायचं सोडून मी तिच्या ब्लाऊजचे टक बघत उभी राहिले, त्यावरून घरच्यांनी मला कितीतरी दिवस चिडवलं. या नजरेचा मला गर्व होता. तो आपाच्या कुर्त्यानं उतरवला.

छावणीत आम्हा दोघींचं दुकान होतं. आपा बेतायची, मी शिवायची. मी जयभीमवाल्या घरातली, ती मुसलमान. सख्खी बहीण नव्हती, पण भांडणं सख्ख्या बहिणीशी करावीत तशी करायचो. बुद्धपौर्णिमेला माझ्या घरची खीर खाऊन ती म्हणायची, "साखर महाग झाली व्हय गं?" ईदला तिचा शीरखुर्मा पिऊन मीही तेच म्हणायची.

ड्रेस तर सगळेच शिवतात. आमचं नाव होतं ते बायकांच्या कोटांसाठी. फौजेतल्या साहेबांच्या बायका यायच्या, मुलाखतीला निघालेल्या पोरी यायच्या. आपा कापडावर खडूनं रेघ ओढायची ती पुन्हा पुसायची नाही. माप मात्र ती अंगावर टेप लावून सहसा घेत नसे. "मापाचा ड्रेस आणा," म्हणायची. म्हणजे नीट बसणारा एखादा जुना ड्रेस. तो ती उलटा करायची, शिवणीपासून शिवणीपर्यंत हात फिरवायची. "बाई पोट आत ओढून उभी ऱ्हाती. कापड खोटं बोलत नाय," हे तिचं ठरलेलं वाक्य.

तिचे स्वतःचे कुर्ते कायम अंगाबरोबर असायचे. कुठं झोळ नाही, कुठं ताण नाही. नवरा गेल्यापासून तिनं एकट्यानं मुलगी वाढवली, शिकवली, आणि त्या वर्षी लेकीचा निकाह कन्नड गावी ठरला. थंडीतलं लग्न. दुकानात मग दुसरा विषयच नव्हता. मुलीचा शरारा, सासूसाठी ड्रेस, नणंदांचे ड्रेस. आपाचा चेहरा ओढल्यासारखा दिसायचा, डबा अर्धा तसाच परत जायचा. मी विचारलं की म्हणायची, "लगीनघर हाय. आईच्या घशाखाली घास उतरतो का?" मला पटायचं. तिचे कुर्ते तर नेहमीसारखेच बसत होते.

साऱ्या छावणीला कोट बेतून देणाऱ्या या बाईकडं स्वतःचा कोट नव्हता. मी ठरवलं, निकाहला आपा कोट घालूनच जाईल. गडद जांभळं लोकरीचं कापड आणलं. तिला सांगितलं असतं तर "नको नको" करत बसली असती. दुकानात खिळ्याला तिचा एक जादा कुर्ता कायम टांगलेला असायचा, मशीनचं तेल उडालं तर बदलायला. एका दुपारी ती बटणं आणायला गेली, तेव्हा मी तो काढला आणि तिच्यासारखाच टेबलावर उलटा पसरला.

शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात, त्याला आम्ही माया म्हणतो. चांगला शिंपी बोटभर सोडतो. आपाच्या कुर्त्याला ती चांगली वीतभर वाटावी अशी होती. आणि त्या कापडावर बगलेपासून खालपर्यंत टिपाच टिपा. एकीच्या आत दुसरी, दुसरीच्या आत तिसरी, नांगरलेल्या रानात तास पडावेत तशा. कुर्ता थोडा थोडा करून आत घेतला होता. अंग जसं वाळत गेलं, तसा.

सगळ्यात वाईट होते ते दोरे. प्रत्येक टीप वेगळ्या रंगाची. बाहेरची बाटली-हिरवी, तो रंग माझ्या मशीनवर पावसाळ्यात एका मास्तरणीच्या कोटासाठी लावला होता. मग मरून, तो दिवाळीचा. मग राखाडी. सगळ्यात आतली टीप होती गुलाबी, तिच्या लेकीच्या शराऱ्याची. मी चहा सांगायला किंवा बँकेत गेले की आपा माझ्या मशीनवर बसायची, जो दोरा असेल त्यानंच टीप मारायची आणि कुर्ता अंगात घालायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. सगळ्या गावाची फिटिंग बघणारी मी, समोरची बाई झिजताना मला दिसली नाही. कारण तिचे कपडे कधी सैल झालेच नाहीत.

आणखी एक गोष्ट तेव्हा ध्यानात आली. ड्रेस कायमचा आत घेतला की जास्तीचं कापड आम्ही छाटून टाकतो, नाहीतर ते टोचतं. आपानं कुठंच कात्री लावली नव्हती. मनातून तिला वाटत होतं, हे सगळं पुन्हा उसवायची वेळ येईल.

आपा परत आली. टेबलावर कुर्ता उलटा पाहून दारातच थांबली. बटणांची पुडी तिनं हळूच गल्ल्याजवळ ठेवली.

"दवाखान्यात जाऊन आली का?" मी विचारलं.

"आले. एकदा नाय, लई बार. पोटात हाय, पसरलंय म्हणाले. आता दुखणं कमी करायच्या गोळ्या, बस."

"आणि पोरीला?"

"तिला नको." मग हात धरून म्हणाली, "निकाह होऊ दे. तिला कळलं तर ती मांडवात उभी ऱ्हायची नाय. माझ्या उशाशी बसंल. मला मरताना ती सासरी पाहिजे, माझ्या उशाशी नको."

मी भांडले. तोंडाला येईल ते बोलले. माझ्यापासून लपवलं, माझ्या मशीनवर बसून लपवलं, याचा मला भयंकर राग आला होता, आणि खरं सांगायचं तर तो राग अजून गेलेला नाही. ती ऐकत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "झालं का बोलून? मग आता कोट असा शीव, की कुणाला कळू नाही."

आयुष्यात इतका विचार करून मी दुसरा कोट शिवला नाही. यावेळी बेतला पण मीच. खांद्यांना जाड पॅड घातले, छातीला कॅनव्हास. अस्तर आणि कापड यांच्या मध्ये कापसाचे थर घालून गोधडीसारखे टाचले. दंडावर, पाठीला, कमरेला. कॉलर उंच ठेवली, मान दिसू नये म्हणून. आपा आरशासमोर उभी राहून सूचना करायची, "इथं अजून थोडा घाल. मी इथं जाडी होते." जणू दुसऱ्याच कुणाचा कोट होता. मी कापूस भरत होते आणि मला वाटत होतं, मी तिचं उतरलेलं अंग तिला परत करतेय.

कन्नडला सगळ्या बायका म्हणाल्या, आपा भारी दिसतेय, लेकीच्या लग्नात तब्येत सुधारली. आपा हसत होती, बिर्याणीची ताटं पुढं करत होती. निघताना मुलगी गळ्यात पडून रडली. आपानं तिला लगेच सोडवलं, म्हणाली, "बस कर, कोट चुरगाळतो."

उन्हाळा लागायच्या आत आपा गेली. मुलीला बोलावून घेतलं तेव्हा फक्त हात धरण्याइतका वेळ उरला होता.

आपाच्या चाळिसाव्या दिवसाचा विधी, चाळीसवा, झाल्यावर मुलगी दुकानात आली. हातात तो कोट. "खाला, हा माझ्या मापाचा करून द्या," म्हणाली. मी तिची खाला, म्हणजे मावशी. तिच्यासमोर उसवायला नको होता, पण ती उठेना. मी अस्तराची टीप काढली, तसा कापूस दिसला. तिनं माझ्या हातातून कोट घेतला आणि स्वतःच एकेक थर ओढून काढू लागली. पाठीचा, दंडांचा, कमरेचा. मांडीवर मोठा ढीग झाला. तिनं तो दोन्ही हातांत धरून पाहिला.

"खाला," तिनं विचारलं, "माझ्या निकाहलाच अम्मी एवढी कमी झाली होती?"

मी हो म्हणाले.

कोट तिनं नेला नाही, तो माझ्याकडंच आहे. कापूस मात्र ओढणीत बांधून घेऊन गेली.