गद्धेगाळाचा तास

आमच्या गावातला गद्धेगाळ, एक जुना कोरीव दगड, पालथा पडलेला होता. समुद्राकडे उतरणाऱ्या पायऱ्यांच्या पाखाडीच्या कडेला, एका सुपारीच्या वाडीच्या दगडी गडग्यालगत. गावातल्या बायका तिथून जाताना नजर दुसरीकडे वळवायच्या. का, ते कुणी सांगत नसे. एकदा वाडीचे मालकच मला सहज म्हणाले, "त्याच्यावर घाण चित्र आहे, बाई. आमच्या आजोबांनी उलटा करून ठेवला."

मी हायस्कूलला इतिहास शिकवते. ते ऐकलं आणि माझ्या लक्षात आलं, की आपण रोज ज्याला वळसा घालून शाळेत जातो तो शिलाहारांच्या काळचा शापाचा दगड असणार. कुणाला जमीन दान दिली की असा दगड रोवायचे. वर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आकाशात आहेत तोवर हे दान राहील. मध्ये दानाचा मजकूर. आणि खाली, जो कोणी ही जमीन हिसकावील त्याला शिवी. शब्दांत नाही, चित्रात. एक बाई आणि एक गाढव. बाई म्हणजे त्या हिसकावणाऱ्याची आई.

सातवीच्या पुस्तकात इतिहासाच्या साधनांचा धडा आहे. भौतिक, लिखित, मौखिक. मुलं हे तीन शब्द पाढ्यासारखे म्हणतात, परीक्षेत लिहितात, तीन गुण मिळवतात आणि विसरतात. दर वर्षी तेच. त्या वर्षी मला ते ऐकवेना. मी मुख्याध्यापकांची परवानगी घेतली, वाडीच्या मालकांना विचारलं. "बघा, पण बघून झालं की परत पालथा घाला," एवढीच त्यांची अट होती. त्यांच्या वाडीतल्या गड्यांनी पहार लावून दगड उभा केला.

वर्गाला घेऊन गेले तेव्हा आधी काहीच सांगितलं नाही. फक्त म्हटलं, "दिसतं ते काढा. वाटतं ते नको, दिसतं ते." दगडाला शेवाळ होतं, मजकूर जवळजवळ झिजून गेलेला. मी घरून हातआरसा नेला होता. त्याने ऊन बाजूने तिरपं पाडलं की पुसट अक्षरंही वर येतात. एकेक रेघ उमटायला लागली तशी मुलं दगडाभोवती दाटली. एक म्हणाला घोडा, एक म्हणाली बकरी. मग कान सापडले आणि मागून कुणीतरी "गाढव!" म्हणून ओरडलं. हशा पिकला. मग खालची बाई दिसली आणि हशा थांबला.

आता दोनच वाटा होत्या. चला रे, उशीर झाला, म्हणायचं; नाहीतर सांगायचं. मी सांगितलं. नको तेवढं नाही, पण खोटंही नाही. दान मोडणाऱ्याला दिलेली ही आईवरून शिवी आहे, म्हटलं. काही मुलं खाली बघत पायाने माती उकरायला लागली.

मग कोळीवाड्यातली एक मुलगी पुढे आली. वर्गात कधी हात वर न करणारी. म्हणाली, "बाई, चूक तर त्यो करनार. मंग शिक्षा त्याच्या आयशीला कशी? तिनं काय केलंन?"

मी म्हटलं, "दगड कोरून घेणाऱ्याला माहीत असणार, पुरुषाला सगळ्यात जास्त कशाने झोंबतं ते."

ती दगडाकडे बघत राहिली. "आजून तशीच देतात," म्हणाली. "आमच्याकडं रोज देतात."

इतकी वर्षं शिकवतेय, पण इतिहास असा चालत येऊन मुलांच्या शेजारी उभा राहिलेला मी तोवर पाहिला नव्हता. शाळेत परतलो ते सगळे हळू बोलत. घरी लिहून आणायला सांगितलं: हा दगड काय सांगतो, आणि काय सांगत नाही?

त्याच आठवड्यात मला ऑफिसात बोलावणं आलं. मुख्याध्यापक, शाळा समितीचे अध्यक्ष, तीन-चार पालक. एका मुलीच्या वडिलांच्या मोबाइलवर दगडाचा फोटो. माझ्यासमोर नुसता धरला त्यांनी, पुरावा धरावा तसा.

"सातवीतल्या मुलींना हे दाखवता?" अध्यक्षांनी विचारलं.

"दगड आपल्याच गावातला आहे," मी म्हटलं. "आणि धड्यातच आहे, भौतिक साधनं म्हणून."

"मग किल्ला दाखवा ना! बाहेरगावची पोरं बसा करून आपल्याकडचे किल्ले बघायला येतात. इतिहास शिकून छाती फुगली पाहिजे पोरांची. हे अश्लील कशाला?"

एवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांचा माती उपसायचा धंदा आहे. काशीदकडे कुठल्यातरी वाडीत झाडं काढून जमीन सपाट करायचं काम चालू होतं आणि जेसीबीचा ड्रायव्हर पोचला नव्हता. अध्यक्षांनी त्या ड्रायव्हरला, मुख्याध्यापकांच्या टेबलाशी बसून, माझ्यासमोर आणि दोन आयांसमोर, आईवरून शिवी हासडली. एक नाही. लागोपाठ तीन. कुणाची पापणी लवली नाही. शिपाई चहा ठेवत होता, तो ठेवत राहिला. अध्यक्षांनी फोन खिशात टाकला, बशी पुढे ओढली आणि म्हणाले, "हां, काय म्हणत होतो मी? अश्लीलता."

मी टेबलाजवळ सरकले.

"साहेब," मी म्हटलं, "आत्ता तुम्ही फोनवर जे बोललात ना, तेच त्या दगडावर कोरलंय. मुलांना मी ते वाचायला शिकवलं. तुम्ही ते बोलता. आता अश्लील कोण, ते ठरवा."

मुख्याध्यापक माणूस वाईट नाहीत. घाबरट आहेत. अध्यक्ष निघून गेल्यावर त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "मॅडम, दोन ओळी लिहून द्या. अनवधानाने झालं म्हणा. विषय मिटेल."

"अनवधानाने नाही झालं," मी म्हटलं. "आरसा घेऊन गेले होते मी."

कागद कोराच राहिला. पुढच्या सोमवारी इतिहास माझ्याकडून काढून गणिताच्या सरांना दिला. मला कार्यानुभव आणि स्काउट-गाइड. माझ्याच वर्गाच्या दारावरून जाताना सरांचा आवाज यायचा: "लिहून घ्या. साधनांचे प्रकार तीन." मी व्हरांड्यात उभी राहून दात ओठ खायची आणि मग मुलींना कागदाची फुलं करायला शिकवायची.

मुलांनी लिहून आणलेली उत्तरं मला कधी वाचायला मिळाली नाहीत. सर म्हणाले, अभ्यासक्रमात नाहीत म्हणून परत वाटून टाकली.

मग एका संध्याकाळी बाजारात त्या मुलीची आई भेटली. ती मासळी विकते. मी बोंबील घ्यायला थांबले. तिने पाटीतले बोंबील निवडता निवडता, माझ्याकडे न बघता सांगितलं, "पोरीनं बापसाला सांगितलंन घरात. म्हनली, दादाला आयवरनं शिवी देताव ती दादाला नाय लागत, आयला लागते."

मी काही बोलणार, तोच ती म्हणाली, "कानफटात बसली तिला. दोनदा."

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

आता तिने वर बघितलं. "बोलली ना. मंग मलाबी बसली. बाई, तुमचं खरं हाय. पन तुमी शिकवून घरी जाता. आमाला तितंच ऱ्हायचं असतं."

तिचा राग माझ्यावर होता, आणि तो तिच्या जागी बरोबर होता. मी पिशवी घेऊन चालायला लागले. रस्ताभर माझ्या डोक्यात फक्त त्या मुलीचा गाल होता. अध्यक्षांचा मला आला होता तो राग त्यापुढे किरकोळ वाटला. बारा-तेरा वर्षांच्या पोरीने एक सरळ वाक्य उच्चारलं, तेही घरात, तेही आईसाठी. त्याची किंमत तिने मोजली, आणि शाळेत एवढा गलका झाला तो मात्र मुलींच्या डोळ्यांना काय दिसलं यावर.

पावसाळ्याआधी मी दगडाबद्दल सरकारच्या पुरातत्त्व खात्याला फोटोसकट अर्ज केला. उत्तर आलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत पाखाडीवरून जाताना पाहिलं, तर जुना गडगा नाहीसा झालेला आणि त्याच्या जागी जांभ्या चिऱ्यांची नवी भिंत. आत पर्यटकांसाठी खोल्या बांधायचं काम चाललं होतं. मालक तिथेच उभे होते.

"दगड कुठे आहे?" मी विचारलं.

त्यांनी पायाने भिंतीच्या बुडाशी दाखवलं. "भिंतीच्या पायात घातला. चांगला लांबरुंद होता."

"मला निरोप तरी द्यायचात. मी शाळेत नेला असता."

"शाळेत?" ते हसले. "शाळेनेच तर बोंब केली. इतकी वर्षं निमूट पडलेला होता. तुम्ही उभा केलात, मग परत पालथा घातला तरी लोक फोटोसाठी उलटून दाखवा म्हणत यायला लागले. पाहुण्यांच्या डोळ्यांसमोर ते नको म्हटलं."

मी त्यांना जे बोलले ते इथे लिहीत नाही. त्यात त्यांची आई नव्हती, एवढं सांगते. त्यांनी मला वाडीबाहेर जायला सांगितलं आणि मी गेले.

जूनमध्ये गणिताचे सर बदलून गेले. इतिहास घ्यायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून तो परत माझ्याकडे आला. मुख्याध्यापक वेळापत्रक देताना म्हणाले, "मॅडम, आता वर्गातच शिकवा. आणि जरा शांतपणे."

वर्गाबाहेर नेणार नाही, हे मी कबूल केलं. शांतपणाचं काही बोलले नाही. त्या दिवशी नववीच्या वर्गावर पहिला तास होता. कोळीवाड्यातली ती मुलगी आता पहिल्या बाकावर बसते. मी खडू उचलायच्या आधीच तिचा हात वर होता.