कमलने लपवलं नव्हतं

कमल गेल्याचा फोन आला तेव्हा मी कामासाठी पांढुर्ण्याला मुक्कामी होतो, दाढी करत होतो. सौंसरला घरी पोहोचलो, तर अंगणातली एक बाई म्हणत होती, "पोराले लपवून ठेवलं होतं म्हने हिनं... आता कोन पाहीन त्याले?" चपला काढायच्या निमित्ताने मी खाली वाकलो. महिना झाला त्याला. आता सांगतो, लपवलं होतं ते मी.

कमल माझ्या धाकट्या भावाची बायको. मी तिचा भासरा, आणि आमच्याकडे भासऱ्यासमोर सून तोंड उघडत नसे. भाऊही माझ्या शब्दाबाहेर नव्हता. त्यांचा गोलू पाच वर्षांचा झाला तरी उभा राहत नव्हता, मधूनच झटके यायचे. अशा मुलांना काय उपचार हवेत याची पाहणी करत दवाखान्यातल्या दोघी आमच्या दारात आल्या, त्या नेमक्या सावरगावचे पाहुणे माझ्या मुलीला पाहायला बसले असताना.

"असं लेकरू हाय का घरात? औषध, पायाचे पट्टे, काय लागते ते लिहून घेऊन राहिलो."

"नाही," मी म्हणालो.

तेवढ्यात आतून गोलू ओरडला. पाहुण्यांचे चहाचे कप थांबले. "शेजारचं हाय," मी म्हटलं. पडद्याची कड कमलच्या मुठीत दिसत होती. ती बाहेर आली असती तर सोयरीक तिथेच मोडली असती... मूठ सुटली. मग गोलूचा आवाज दबला, कुणीतरी तोंडावर पदर धरावा तसा.

लग्न झालं. पुन्हा पाहणी झाली तोवर गोलू चांगला थोराड झाला होता. कमलने त्याला सौंसरच्या शिबिरात नेलं, सोबत मी होतो. तपासणाऱ्या बाई कडाडल्या, "पाय आखडून गेले याचे! आधी कावून नाही आनलं? माय हायेस का वैरीन?"

कमलने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचा लसींचा तक्ता वाचत राहिलो.

"चुकलंच माझं," ती म्हणाली. रांगेत ओळखीचे पुष्कळ होते...

परतताना ती पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "भाऊजी, तुमच्या पोरीचं घर मोडू नये म्हनून तसं बोलली मी. माफ नाही केलं तुमाले."

त्या दिवशीच तिने गोलूची खाट पुढच्या खोलीत आणली. येणाऱ्याने आधी गोलूला रामराम करायचा, मग पाणी. हा तिचा नेम होता, आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती.

परवा माझे व्याही भेटायला आले. मी पाण्याचा तांब्या हातातच ठेवला. "आधी गोलूला रामराम करा," म्हणालो. "तुम्ही पोरगी पाहायला आले तेव्हा आतून ओरडला, तो हाच. कमलने लपवलं नव्हतं त्याला, मी खोटं बोललो."

व्याही उंबऱ्यातच थांबले. गोलूने मात्र हात पुढे केला होता.