पुढच्या दोन जागा

सेफ्रूच्या टॅक्सीतळावर यामना दिसली की ड्रायव्हर पुढच्या दोन्ही जागा तिच्यासाठी धरून ठेवतात. पुढं दोघं, मागं चौघं, आणि सगळ्या जागा भरल्याशिवाय चाक हलायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. यामना एकटीच असते, पण भाडं दोघांचं देते. पहिल्यांदा फेझ शहराला निघाली तेव्हा शेजारी एक धष्टपुष्ट कापडवाला बसला होता. रस्ता सरळ असला तरी त्याचं कोपर आणि मांडी तिच्याकडंच कलत होती. तिनं झोळीतून गुंड्या करायची सुई काढली आणि त्या बाजूला टोक करून धरली. उरलेला रस्ता तो ड्रायव्हरला चिकटून बसला. येताना तिनं दोन्ही जागा स्वतःच घेतल्या. दरवेळी सुई कोण धरत बसणार?

जिलाबा म्हणजे आमचा टोपीवाला पायघोळ अंगरखा. त्याला पुढून ओळीनं लागतात त्या रेशमी गुंड्या आमच्या गावच्या बायका करतात. दारात बसून, गप्पा मारत, डोळे जाईपर्यंत करतात, आणि विकायला मात्र पुरुष जातात. यामनाचा नवरा वारल्यावर तिच्या गुंड्या धाकटा दीर मिलूद नेऊ लागला. तळासमोरच त्याचं रेशमाचं दुकान. दर खेपेला तो तोंड पाडून परत येई आणि बाजार बसलाय म्हणून सांगे. बाजार बसला होता तर याच्या घरावर माडी कशी चढली, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. यामनानंही विचारलं नाही. तिनं पिशवी उचलली आणि आपण निघाली.

फेझच्या शिंपीगल्लीत पहिल्या शिंप्यानं तिच्या पाठीमागं नजर टाकली, बाप्यामाणूस कुठं राहिला म्हणून. ती म्हणाली, मागं गाढव आहे, तेही माझं नाही. शिंपी हसला आणि त्यानं पिशवी उघडायला सांगितली. मग मेकनेस झालं. तिथं चहाच्या दुकानातल्या खुर्च्या आमच्याकडच्यासारख्याच रस्त्याकडं तोंड करून मांडलेल्या, येणाऱ्याजाणाऱ्या बायका बघायला. पाय दुखले तेव्हा यामनानं त्यातलीच एक ओढली, पुदिन्याचा चहा मागवला आणि येणाऱ्याजाणाऱ्या पुरुषांना निवांत बघत बसली. दोघातिघांनी चालता चालता कपडे सारखे केले.

तेतुआनला मुसाफिरखान्याचा मालक आडवा आला. एकट्या बाईला खोली देत नाही, नवरा कुठाय?

"सेफ्रूच्या कबरस्तानात," यामना म्हणाली. "उठवून आणू, की किल्ली देतोस?"

तो नाही म्हणाला, तेव्हा तिनं त्याच्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसकण मारली आणि गुंड्या करायला घेतल्या. जाणारायेणारा तिला ओलांडून जाऊ लागला, आणि प्रत्येक जण विचारू लागला की ही बाई इथं का बसलीय. सांगून सांगून मालकाचं तोंड दुखलं, तेव्हा किल्ली मिळाली.

या गोष्टी गावात यायला वेळ लागत नाही. मिलूदला त्या तिखटमीठ लावून कळल्या. त्याचं खरं दुखणं वेगळंच होतं. आणखी दोन बायकांनी त्याला गुंड्या द्यायचं बंद केलं होतं, आम्ही यामनाकडं देतो म्हणाल्या होत्या. पण असं दुखणं चारचौघांत सांगता येत नाही, म्हणून त्यानं घराण्याची अब्रू पुढं केली.

एका सकाळी यामना बुश्ता ड्रायव्हरच्या गाडीत पुढं बसली होती, मागं चौघे पुरुष बसले होते, बुश्ता किल्ली फिरवणार इतक्यात मिलूद गाडीपुढं येऊन उभा राहिला.

"वहिनी, उतरा खाली. घरी चला."

"भाडं दिलंय, भावजी."

मिलूदनं तिच्याशी वाद घातला नाही. तो मागच्या खिडकीशी गेला. चौघे ओळखीचेच होते. ही माझ्या घरातली बाई आहे, हिच्याबरोबर जो जाईल त्याची माझ्याशी गाठ आहे, असं त्यानं सांगितलं. एकेक करून चौघे उतरले आणि दुसऱ्या गाडीत जाऊन बसले. मागची बाजू रिकामी. बुश्ता अदबीनं पुटपुटला, लल्ला यामना, बाईसाहेब, मी तरी काय करू, गाडी भरायला तर हवी. सगळी गाडी घ्यायची तर तिची या खेपेची कमाई गेली असती, पुढच्या खेपेचीही. मिलूदला हे पक्कं ठाऊक होतं. आज ही उतरली की पुन्हा कुठलाही ड्रायव्हर तिला घेणार नाही, हे तिलाही ठाऊक होतं. आतून ती हादरली होती. तरी तिनं सुई काढली आणि गुंडी करायला घेतली.

दुसरी गाडी भरून गेली. मग भिंतीला टेकून बसलेली म्हातारी हद्दा उठली. तिला डोळे दाखवायला फेझला जायचं होतं आणि तिचा मुलगा कधीचा उद्या नेतो, उद्या नेतो म्हणत होता. ती कण्हत कण्हत मागं चढली. "मला काही दिसत नाही बाई," ती म्हणाली, "कोण कुणाला अडवतंय तेही नाही." तिच्या मागून डोंगरातल्या दोघी कोंबड्यांची टोपली घेऊन आत शिरल्या. त्यांना मिलूद कोण आणि त्याची अब्रू केवढी, काही माहीत नव्हतं.

एक जागा उरली. मिलूद त्या दाराला पाठ लावून उभा राहिला. तळावरचे सगळे बघत होते.

तेवढ्यात त्याची मुलगी नझहा न्याहारी घेऊन आली, वालाचं कढण आणि रोटी. एकोणीस वर्षांची पोर. फेझ इतकं जवळ, पण आयुष्यात दोनदाच गेलेली, दोन्हीदा बापाच्या मागून खाली मान घालून. तिनं गाडीकडं पाहिलं, काकूकडं पाहिलं आणि वाडगा बापाच्या दोन्ही हातांत ठेवला. भरलेला वाडगा. सांडू नये म्हणून मिलूद बाजूला झाला. नझहा आत बसली आणि मूठ उघडून तिनं बुश्ताला भाडं दिलं.

"पैसे कुणी दिले तुला?" मिलूदनं विचारलं.

"आईनं. केव्हाच देऊन ठेवले होते." तिनं दार ओढून घेतलं. "गरम आहे तोवर खाऊन घ्या, अब्बा."

बुश्तानं गाडी सुरू केली. हात अडकलेले, मिलूद पुढच्या खिडकीशी आला. त्याचा आवाज आता निराळाच होता. तो म्हणाला, "वहिनी, परत कधी येईल ती?"

यामनानं दातानं धागा तोडला.

"गाडी भरली की."