उपाशी जंतूंची लॅब

आमच्या लॅबचे किस्से सांगायला बसलं की चहा गार होतो आणि अर्धे किस्से तरी उरतातच. अंधेरीच्या डेंटल कॉलेजात तिसऱ्या मजल्यावर आमची एक खोली होती. परब मॅडम, रोहिणी, प्रमोद आणि मी. आता तिथे मीटिंग रूम झालीय म्हणे. ऐकून फार वाईट वाटलं.

आमचं काम जंतूंना उपाशी ठेवायचं. रूट कॅनॉल करून दात बंद केला तरी आत एखादा जंतू उरतो. खायला काही नाही, तरी मेलेल्या भाऊबंदांवर गुजराण करत वर्षानुवर्षं तग धरतो. रोहिणीचा थीसिस त्यावरच होता. नळ्यांत नुसतं पाणी, त्यात जंतू, आणि किती टिकतात ते बघत बसायचं.

*

प्रमोदनं पहिल्याच दिवशी विचारलं, "मॅडम, हे मेले हे कळणार कसं?"

मॅडम मालवणच्या. म्हणाल्या, "खायला घालून बघायचं. उठले नाय, तर मेले."

पुढे प्रमोद दुपारी स्टाफरूममध्ये पेंगला की मॅडम बांगड्याचा डबा त्याच्या नाकासमोर उघडायच्या. तो दर वेळी जिवंत निघायचा.

*

रोहिणी संकष्टी करायची. नळ्यांकडे बघून म्हणायची, "आज आपण सारखेच."

"तुझा चंद्र उगवतो तरी," प्रमोद म्हणायचा. "यांना कोण विचारतंय?"

तेव्हाच आम्ही सावध व्हायला हवं होतं.

*

दसऱ्याला आम्ही मायक्रोस्कोपची पूजा करायचो. मॅडम म्हणाल्या, "सगळ्यांना नैवेद्य दाखवा रे."

प्रमोदनं मायक्रोस्कोपला पेढा दाखवला आणि पूजेला मांडलेल्या प्रत्येक नळीत ब्रॉथचा एकेक थेंब सोडला. ब्रॉथ म्हणजे जंतूंचं जेवण. सुट्टीनंतर येऊन बघतो तर नळ्या गढूळ. सहा महिन्यांचा उपास मोडला होता आणि सबमिशन तोंडावर आलेलं.

"सणाचा दिवस होता यार," प्रमोद एवढंच म्हणाला.

रोहिणी तिथेच रडली. त्या दिवसापासून तिनं त्याच्याशी बोलणं टाकलं.

*

एक नळी मात्र इन्क्युबेटरमध्ये मागे राहिल्यामुळे वाचली होती. रोहिणीची सगळी भिस्त तिच्यावर. सबमिशनच्या आधी मॅडमनी त्या नळीतला थेंब जंतूंचं खाणं पसरलेल्या प्लेटवर सोडला. काही उगवलं नाही तर थीसिस गेला.

सकाळी प्लेटवर रव्याएवढे चार-पाच ठिपके होते.

"मेले नाय गं, निजलेले," मॅडम म्हणाल्या.

प्रमोद दाराशी उभा होता. रोहिणी त्याच्या बाजूनं निघून गेली.

*

मग सगळे पांगले. प्रमोदचं क्लिनिक घाटकोपरला, रोहिणी बोरिवलीला, मी दिंडोशीत. ग्रुपवर दिवाळीच्या शुभेच्छाही बंद झाल्या.

गेल्या वर्षी मॅडम रिटायर झाल्या आणि ग्रुपवर एक ओळ आली: "रविवारी मुलुंडला घरी या. कोलंबीचं कालवण करतेय."

बारा वाजायच्या आत सगळे हजर. वाढायला प्रमोद उठला. रोहिणीच्या ताटापाशी आला आणि पळी हातात धरून तसाच उभा राहिला.

रोहिणीनं मान वर केली नाही. "वाढ ना रे," ती म्हणाली. "नुसतं थेंबभर नको."